पाटी, फळा आणि मोबाईल : वर्गातले साधन कोणाच्या हातात?



शाळेत मोबाईल असावा की नसावा, यावर सध्या जोरदार वाद चालू आहे. एका बाजूचे लोक म्हणतात, मोबाईलमुळे मुले बिघडली, वाचन संपले, तेव्हा सरसकट बंदी घाला. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, जग डिजिटल झाले, मुलांच्या हातात मोबाईल दिला नाही तर ती मागे पडतील. वर्तमानपत्रांचे रकाने आणि टीव्हीवरच्या चर्चा या दोन बाजूंनीच भरल्या आहेत. पण दोन्हीकडचे बहुतेक बोलणारे एकाच थरातले आहेत. त्यांच्या घरात प्रत्येकाला स्वतंत्र मोबाईल आहे, वायफाय आहे, मुलाला बसायला स्वतंत्र खोली आहे. म्हणूनच आमच्या दृष्टीने जो पहिला प्रश्न आहे तो त्यांना सुचतच नाही. तो प्रश्न असा : हा मोबाईल कोणाच्या मालकीचा, आणि तो नसलेल्या मुलाचे वर्गात काय होणार?

आमचे म्हणणे सरळ आहे. वर्गातले कोणतेही साधन नुसते साधन नसते. त्याला हात कोणी लावायचा, ते कोणाच्या खर्चाने येणार आणि त्याची किल्ली कोणाच्या खिशात राहणार, यावर त्याचा फायदा-तोटा ठरतो. हा आमचा नुसता तर्क नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांचा आपला शिक्षणाचा इतिहास हेच सांगतो.

फळ्यामागचे डबे

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. शाळा सरकारची, पैसा रयतेचा. तरी मुंबई सरकारने त्याला प्रवेश नाकारला. कारण काय दिले? एका मुलाला आत घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील. १९२८ साली सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणाची कैफियत मांडताना बाबासाहेबांनी हेच प्रकरण पुढे ठेवले. पुढे कागदावर सरकारी शाळा सर्वांना खुल्या झाल्या, पण प्रत्यक्षात आपली मुले व्हरांड्यात, दाराबाहेर, गोणपाटावर बसली.

भीमराव त्यातलेच एक. साताऱ्याच्या शाळेत बसायला स्वतःचे गोणपाट घरून न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. पाणी प्यायचे तर शिपायाने वरून ओतायचे. शिपाई नसेल तर तहान मारायची. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गणित सोडवायला त्यांना फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुले ते उचलायला धावली, हा प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे.

यातला फळा नीट पाहा. लाकडाची काळी फळी. तिला जात नाही, धर्म नाही. ती सगळ्या वर्गाला एकाच वेळी दिसते. यापेक्षा समतेचे साधन कोणते? तरीही त्या फळ्यापर्यंत जाण्याची वाट जातीने अडवलेली होती. म्हणून आज कोणी सांगू लागला की इंटरनेटला जात नसते, मोबाईल सर्वांना समान संधी देतो, तर त्याला आधी हा फळा दाखवावा.

मोबाईलची जातही आपण पाहिलेली आहे. २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला. ज्या खिशातला मोबाईल त्या खिशाची जात या समाजाने विचारलीच.

पाटी फुटकी चालेल, शिक्षक हवा

दुसरा धडा तात्यासाहेब महात्मा फुल्यांकडून. १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा आणि पुढच्या काही वर्षांत महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा. साधने काय होती तिथे? पाट्या, थोडी पुस्तके आणि अंगावर येणारे शेण-दगड सोसत शिकवायला येणाऱ्या सावित्रीमाई. या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा महार-मांगांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्यांना धर्मग्रंथ वाचायचाच अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा सवाल तिने त्यात केला. थोड्याच वर्षांच्या शालेय शिक्षणाने ही मुलगी साऱ्या धर्मव्यवस्थेला जाब विचारू लागली. हे पाटीमुळे झाले का? पाटी लागलीच. पण तिच्यापुढे बसून, तिला माणूस मानून शिकवणारे कोणी होते, म्हणून झाले.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी साधनांच्याही मुळाशी हात घातला. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा आणि शिक्षक शूद्रांमधूनही तयार करा, ही त्यांची मागणी. पैसा कोणाचा आणि खर्च कोणावर, हा जोतीरावांचा प्रश्न डिजिटल शिक्षणाच्या प्रत्येक योजनेला आज लावून पाहावा.

मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळेत येणाऱ्या दर शंभर मुलांपैकी फक्त अठराच चौथीपर्यंत पोहोचतात. बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात. शाळेत नाव घातले म्हणजे शिक्षण झाले नाही. मूल टिकून अक्षर पक्के झाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आज 'एवढ्या शाळा डिजिटल केल्या, एवढे टॅब वाटले' असे आकडे सरकार देते, तेव्हा आपणही हाच आग्रह धरला पाहिजे. टॅब वाटले, बरे झाले. त्यावर शिकून किती मुले वाचू-लिहू लागली?

ठराव आणि पाणी

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली झाली. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पण चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावे लागले, आणि तेही बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी चालत गेल्यावर. त्या दिवशी आपल्या लोकांनी मारही खाल्ला.

आजच्या शाळेत हे चित्र वेगळ्या रूपात दिसते. लोकवर्गणीतून, आमदार निधीतून किंवा एखाद्या कंपनीच्या देणगीतून शाळेला टॅब येतात. उद्घाटन होते, फोटो निघतात, आणि टॅब कपाटात कुलूपबंद होतात. फुटले तर भरून कोण देणार, ही शिक्षकाची भीती खोटी नाही. पण कपाट उघडले की टॅब कोणाच्या हाती पहिल्यांदा जातो? 'हुशार' मुलाच्या, सरपंचाच्या नातवाच्या, ज्याला घरी वापरायची सवय आहे त्याच्या. आपले मूल मागच्या रांगेतून पाहत बसते. ठराव झाला, पण पाणी अजून ओंजळीत आले नाही.

सरकारचे जुने प्रयोग

वर्गात यंत्र आणण्याची हौस नवी नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साईट' नावाचा उपग्रह दूरदर्शनचा मोठा प्रयोग देशात झाला. नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत कार्यक्रम दाखवले गेले. त्यात सकाळी शाळकरी मुलांसाठी वेगळे कार्यक्रम होते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण यातून आपल्याला घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. टीव्ही संच कोणा घरमालकाचा नव्हता; तो गावाचा होता आणि सार्वजनिक जागी ठेवला जाई. ही चांगली गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की उपग्रह उसना होता, वर्ष संपताच अमेरिकेने तो परत नेला आणि तो प्रयोग तिथेच थांबला. उसन्या साधनावर शिक्षणाची इमारत बांधली की असे होते. आज खासगी ॲपच्या भरवशावर मुलांचा अभ्यास टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ॲप कंपनीचे, हप्ता आईबापाचा, आणि कंपनीने गाशा गुंडाळला की अभ्यासही गेला.

चांगले उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मोबाईल लावला की कविता ऐकू येते, धड्याची चित्रफीत दिसते. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत हे कोड आले आणि २०२० साली गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. यात पुस्तक होते, शाळा होती, गावात राबणारा शिक्षक होता, आणि मोबाईल त्यांच्या मदतीला आला. क्रम असा असेल तर आमचा मोबाईलला विरोध असण्याचे कारणच नाही.

दोन वर्षांची परीक्षा

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि क्रम उलटा झाला. शाळा नाही, शिक्षक समोर नाही, राहिला फक्त मोबाईल. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही राज्याची मोहीम निघाली. हेतू चांगला असेल. पण कोणाचे शिक्षण सुरू राहिले?

त्याआधीच्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या फक्त १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. 'असर'च्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांच्या घरातल्या स्मार्टफोनचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. म्हणजे पोट मारून लोकांनी फोन घेतले. तरी फोन घरात आला म्हणजे मुलाच्या हातात आला असे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्यांतल्या गरीब वस्त्यांत पाहणी केली. नियमित ऑनलाईन शिकणारी मुले शहरात २४ टक्के, तर ग्रामीण भागात अवघी ८ टक्के निघाली. ग्रामीण भागातही दलित-आदिवासी मुलांमध्ये हे प्रमाण ४ टक्के आणि इतरांमध्ये १५ टक्के. गरिबी दोघांचीही, तरी चारपटीच्या जवळपास फरक. ज्यांना 'जात आता कुठे राहिली' असे वाटते, त्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून ठेवावेत.

आम्ही वस्तीत अभ्यासिका चालवणारे कार्यकर्ते आहोत. त्या काळात घराघरांत एकच चित्र होते. एक फोन, तीन भावंडे, आणि तो फोन बापाबरोबर कामावर गेलेला. सकाळी दहाचा तास मूल रात्री आठनंतर पाहणार, तोवर डेटा संपलेला. दहावीच्या मुलाला फोन आधी, कारण बोर्ड आहे; सातवीतल्या मुलीला शेवटी, कारण ती मुलगी आहे. यातली किती मुले वीटभट्टीवर, ऊसतोडीला, भाजीच्या गाडीवर गेली आणि पुन्हा शाळेत आलीच नाहीत, हे वस्तीला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी सांगितलेल्या त्या ८२ मुलांत त्यांची भर पडली.

सप्टेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आर्थिक दुर्बल विद्यार्थ्यांना ऑनलाईन शिक्षणासाठी उपकरणे आणि इंटरनेट शाळेने पुरवावे असा निकाल दिला आणि या भेदाला वर्णभेदाचीच उपमा दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पण मुद्दा नोंदला गेला : ज्या वर्षी वर्ग मोबाईलवर भरतो, त्या वर्षी मोबाईल म्हणजेच वर्गातला बाक असतो. बाक घरून आणायला सांगणे म्हणजे गोणपाट घरून आणायला सांगणेच.

मग बंदी घालायची का?

आता दुसऱ्या बाजूने पाहू. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत मोबाईल वापरण्यावर बंदी घातली. ब्राझीलने २०२५ च्या जानेवारीत तसाच कायदा केला. इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळांचा अभ्यास करून बेलंड आणि मर्फी या संशोधकांनी २०१५ साली दाखवले की बंदीनंतर मुलांचे गुण वाढले. पण सगळ्यांचे सारखे नाहीत. सर्वाधिक फायदा अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाला, पुढे असलेल्यांना जवळपास काहीच फरक पडला नाही. स्वीडनमधल्या नंतरच्या अभ्यासात असा परिणाम दिसला नाही, तेव्हा हे शेवटचे उत्तर नव्हे. तरीही आपल्यासाठी यात विचार करण्यासारखे बरेच आहे. ज्या मुलाच्या घरी शिकलेले आईबाप आहेत, शिकवणी आहे, त्याचे वर्गात लक्ष उडाले तरी संध्याकाळी भरून निघते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला वर्गातला तासच मिळतो. तो तास रीलमध्ये गेला तर तो परत कोणी देत नाही.

१४ एप्रिलच्या निमित्ताने आपल्या विहारांत, वसतिगृहांत सलग १८ तास अभ्यास करण्याचा उपक्रम होतो. त्या दिवशी मोबाईल बाजूला ठेवूनच मुले बसतात. एकाग्रता ही आपल्या चळवळीची कमाई आहे. ज्या महामानवाने राजगृहात पुस्तकांचे घर बांधले, त्याच्या लेकरांचे लक्ष कोणत्या कंपनीने विकत घ्यावे, हे आपल्याला चालणार आहे का?

पण सरसकट बंदीलाही आमचा विरोध आहे, आणि त्याची कारणे आहेत. पहिले कारण, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, परीक्षेचा अर्ज ऑनलाईन, निकाल ऑनलाईन. ज्याला हे यंत्र हाताळता येत नाही त्याचा हक्काचा पैसाही बुडतो. दुसरे, १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड दुकानात मिळत नाहीत तेव्हा आपली मुले मोबाईलवरच वाचतात. प्रस्थापित माध्यमे आपली बातमी दाबतात तेव्हा ती याच मोबाईलवरून पोहोचते. तिसरे, बंदीचा दंडुका आधी मुलींवर पडतो. केरळमध्ये वसतिगृहातल्या मुलींना संध्याकाळी मोबाईल वापरायला मनाई होती. त्याला विरोध केल्याबद्दल वसतिगृहातून काढलेली एक विद्यार्थिनी न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट हा शिक्षणाच्या अधिकाराचाच भाग मानला. 'असर २०२३' नुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींकडे मात्र १९.८ टक्के. जिच्या हातात फोन आलाच नाही, तिच्यावर बंदी कसली घालता?

आमची भूमिका

म्हणून 'मोबाईल हवा की नको' या प्रश्नात अडकू नका. आमची मागणी अशी आहे.

एक, दहावीपर्यंत मुलांचे वैयक्तिक मोबाईल तासाला बंद. नियम सर्वांना सारखा, मुलींना वेगळा नाही. शिक्षकांनाही तासाला ॲपवर माहिती आणि फोटो भरायला लावू नये.

दोन, शाळेच्या मालकीची उपकरणे असावीत. ती ग्रंथालयातल्या पुस्तकासारखी नोंदवहीत लिहून, पाळीने प्रत्येक मुलाच्या हाती यावीत. फुटल्यास भार शाळेचा, शिक्षकाचा किंवा मुलाचा नाही.

तीन, ज्याच्यासाठी घरी फोन लागतो असा एकही अभ्यास सक्तीचा नको. गृहपाठ फळ्यावर लिहावा, वहीत घ्यावा. फक्त व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होऊ नये. वर्गाच्या ग्रुपवर जातीवरून टिंगल झाली तर ती शाळेत झाली असे समजून मुख्याध्यापकांनी कारवाई करावी.

चार, शिक्षक आधी. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय राज्याने घेतला. २०२३ मध्ये समूह शाळांचा विषय पुढे आला. या शाळा वाड्या-वस्त्यांवरच्या आहेत. रिकाम्या शिक्षकाच्या खुर्चीवर टॅब ठेवून कोणी शिक्षण झाले म्हणत असेल, तर ते आपण मान्य करायचे नाही.

हे सगळे मागायला मोठा मोर्चा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित-दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहे. आपल्या वस्तीतल्या किती आया या समितीवर आहेत? नसतील तर का नाहीत? असतील तर बैठकीला नुसती सही करून येतात की बोलतात? पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा : शाळेकडे उपकरणे किती आहेत, किल्ली कोणाकडे आहे, आणि गेल्या महिन्यात आपल्या वस्तीतल्या किती मुलांनी ती हाताळली? उत्तर मिळाले नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

चवदार तळ्यावर बाबासाहेब पाणी मागायला गेले नव्हते. आपण माणूस आहोत हे सांगायला गेले होते. शाळेतल्या टॅबची गोष्टही तशीच आहे. यंत्र आज आहे, उद्या जुने होईल, त्याजागी दुसरे येईल. प्रत्येक नव्या साधनाजवळ आपले मूल शेवटी पोहोचते, ही रीत मोडायची आहे. ती मोडायची जागा म्हणजे आपल्या गल्लीतली शाळा.

जय भीम! जय संविधान!